घाटात पडलेली माणसं

"माझं नाव लिहिण्याआधी तिघांची लिहून घ्या," हवालदार म्हणाले. "खंडोजी पिसाळ. ह्या घाटाचा रस्ता पहिल्यांदा निघाला, तेव्हा त्यांनी खडी फोडली. खंडोजींचे गोमाजी. ते ह्याच रस्त्यावर मैलकुली. खड्डे बुजवण्यात हयात गेली. गोमाजींचे बाळोजी, सर्व्हिस मोटारीवर क्लीनर. आणि बाळोजींचा मी, दाजीबा. हवालदार, करंजखोल पोलीस दूरक्षेत्र. पिढी चौथी आहे ताई, पण रस्ता तोच."

समोर बसलेल्या मुलीने पेन कागदाला टेकवलेच नव्हते. "फॉर्ममध्ये एकाच नावाला जागा आहे, काका."

"मग शेवटचं लिहा. आधीचे तिघं तक्रार करायला येणार नाहीत."

हे बोलणे माझ्या कार्यालयात, सकाळी साडेनऊच्या सुमारास चालले होते. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, महिना मार्च. मी, मार्था रणभिसे, करंजखोलच्या कुटीर रुग्णालयात अधिसेविका होते. लोक मेट्रनबाई म्हणत आणि माझ्या दारातून आत येण्यापूर्वी चपला काढून ठेवीत. तसा नियम मी केलेला नव्हता. मात्र कोणी पाळला तर मी आडवेही येत नव्हते.

मुलीचे नाव मृदुला टिपणीस. वय फार तर पंचवीस. रस्त्यावरच्या अपघातांपायी दवाखान्यांचा आणि पोलिसांचा किती खर्च होतो, याचा अंदाज बांधण्यासाठी पुण्याच्या एका संस्थेने तिला धाडले होते. शासनाच्या समितीने बारा घाट निवडले होते. ज्या तीन घाटांचा खर्च सर्वांत अधिक निघेल, त्यांना प्रत्येकी एक रुग्णवाहिका आणि क्रेनसह पोलीस चौकी मंजूर व्हायची होती. आमच्याकडे रुग्णवाहिका नव्हती. जखमी येत ते टेंपोतून, उसाच्या ट्रॉलीतून, बैलगाडीतून. एकदा तर एक बाई घराच्या दाराची फळी काढून तिच्यावर आणली गेली होती.

"मांडीचं हाड मोडलेला रुग्ण सरासरी किती दिवस राहतो?" मृदुलेने विचारले.

"सरासरी नाही. बेचाळीस दिवस. पायाला वजन बांधून. त्याआधी मी कोणाला उठू देत नाही."

"त्यात परिचारिकेचा वेळ?"

"दिवसातून दोनदा पाठ पुसून पावडर लावायची. वीस-वीस मिनिटं."

"आणि पाठीला जखमा झाल्या तर त्यांचा खर्च?"

"माझ्या वॉर्डात त्या होत नाहीत. शून्य लिहा."

तिने हसू दाबले आणि शून्य लिहिले. मग ती हवालदारांकडे वळली. "पंचनाम्याला किती वेळ?"

"पंचनाम्याला एक तास. पंच शोधायला तीन."

"आणि वाहन हलवायला?"

"क्रेन खालच्या शहरातून येते. सहा तास, कधी आठ. तोवर मी मोरीच्या कठड्यावर उभा."

तिने आकडेमोड केली. "तुमच्या पगारावरून तासाचा दर तेरा रुपये पडतो."

"तेरा? फौजदारसाहेबांना सांगू नका. कापतील." मग त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "ताई, मयताजवळ बसायचं वेगळं धरता का? नातेवाईक येईपर्यंत. कुत्री हाकलायला माणूस लागतो. ते काम पंचनाम्यात येत नाही."

मृदुलेने तक्त्यात एक नवीन रकाना आखला. ती मुलगी मला त्याच क्षणी आवडली. अर्थात तसे मी दाखवले नाही.

नंतर हवालदारांनी आपली वही पुढे केली. ती सरकारी नव्हती. सरकारी दप्तरात गुन्हा दाखल झाला तरच नोंद होई. हवालदारांच्या वहीत रस्त्यावर दिसलेले सगळे होते. दिवस, वेळ, वळण, गाडीचा नंबर, कोणाला किती लागले, कोणत्या दवाखान्यात नेले. तीन वर्षांत दोनशे चौदा जखमी, आणि प्रत्येक पानाखाली सही. मृदुलेने आमचे अपघात विभागाचे रजिस्टर तिच्याशेजारी उघडले. 'वाहन अपघात' या कारणाखाली तीन वर्षांत एकतीस नावे होती.

ती बराच वेळ पाने उलटत राहिली.

"मेट्रनबाई, तुमच्या भागात माणसं फार पडतात."

"डोंगराळ भाग आहे."

"एकशे त्र्याऐंशी जण?"

"पाय घसरतो."

"हे बघा. बारा मे, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. कारण, 'पडल्याने'. एकाच वेळी नऊ माणसं पडली."

"वऱ्हाड होतं."

"पण नऊही?"

"वऱ्हाडातली माणसं एकमेकांना धरून चालतात."

हवालदार खिडकीबाहेर पाहू लागले. मृदुलेने एक बोट त्यांच्या वहीवर ठेवले, दुसरे आमच्या रजिस्टरवर. "ह्या वहीत त्याच दिवशी, त्याच वेळी सातव्या वळणावर टेंपो उलटलाय. जखमी नऊ. दोन्ही खरं असू शकत नाही." तिचा आवाज चढला नाही, याचे मला कौतुक वाटले. "समितीचा नियम असा आहे की दवाखान्याची नोंद प्रमाण धरायची. पोलिसाची खाजगी वही तिच्याशी जुळली नाही, तर वगळायची आणि शेऱ्यात कारण द्यायचं."

"कोणतं कारण द्याल?" मी विचारले.

"अतिरंजित." तो शब्द उच्चारताना ती ओशाळली. "काका, वहीवर सही तुमची आहे. काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा. हा शेरा तुमच्या वरिष्ठांकडेही जाईल."

दाजीबा पिसाळांना निवृत्त व्हायला नऊ महिने राहिले होते. काय सांगायचे ते त्यांना पूर्ण ठाऊक होते आणि एकच वाक्य पुरणार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"लिहा ताई," ते म्हणाले. "वय झालं. कधी कधी एकाचे दोन दिसतात."

हे त्या माणसाने दुसऱ्यांदा केले होते.

मी करंजखोलला रुजू झाले, तेव्हा घाटात जखमी झालेला माणूस उचलायला कोणी धजत नसे. उचलणाऱ्याचे नाव दवाखान्यात लिहिले जाई, दवाखान्याची वर्दी पोलिसांकडे जाई, आणि मग तीन-चार वर्षे तालुक्याच्या कोर्टात साक्षीसाठी खेटे. मजुरी बुडवून कोण जाणार? म्हणून गाड्या बाजूने निघून जात. पहिल्याच वर्षी एक मूल रक्तस्रावाने दगावले. रस्त्यावर ते दोन तास पडून होते. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या सिस्टरांना बोलावले आणि हुकूम दिला: मृत्यू किंवा सरळ भांडण नसेल, तर कारण 'पडल्याने' लिहायचे. पडलेल्या माणसाची वर्दी द्यावी लागत नाही. महिन्याभरात घाटभर बातमी झाली की मेट्रनबाई काही विचारत नाहीत, आणि जखमी येऊ लागले. किती जगले, ते मी मोजले नाही. अभिमान मात्र मोजून बाळगला.

त्र्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये गुऱ्हाळाच्या गाडीवानांनी एका प्राथमिक शिक्षकाला आणले. ट्रकने त्याच्या सायकलला उडवले होते. आम्ही लिहिले, 'सायकलवरून पडल्याने'. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो वारला. त्याच्या भावाने अर्ज केला की पोलिसांनी तपास का केला नाही. चौकशी लागली. वर्दी गेलीच नव्हती, कारण मी ती जाऊ दिली नव्हती. चौकशीत हवालदार पिसाळांनी सांगितले, "वर्दी मिळाली होती. झोप लागली, नोंद घ्यायची माझ्याकडून राहिली." त्यांच्या दोन वेतनवाढी कायमच्या रोखल्या गेल्या आणि बढतीच्या यादीतून नाव उतरले. ट्रक कधीच सापडला नाही. मी त्यांना भेटायला गेले नाही. त्यांचे काम होते, त्यांनी केले, असे मी स्वतःला ऐकवले, आणि अकरा वर्षे ते मला पुरले.

"तुमची एस.टी. किती वाजता आहे?" मी मृदुलेला विचारले.

"चारला."

"आता सव्वाअकरा झालेत. मागे माझं क्वार्टर आहे, तिथे सून असेल. मेट्रनबाईंनी जेवायला पाठवलं म्हणून सांगा. साडेतीनच्या आत परत येऊ नका. शेरा तोवर शाईने लिहायचा नाही."

ती गेली. हवालदारही उठले.

"बसा."

"उभाच बरा आहे."

"मी विचारलं नाही, हवालदार. बसा म्हटलं."

ते बसले.

"खोटं का बोललात?"

"आज की तेव्हा?"

'तेव्हा' हा शब्द आम्हां दोघांत प्रथमच उच्चारला गेला होता. "दोन्ही वेळा," मी म्हटले.

"तेव्हा खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तुमच्या दारात कोणी जखमी आणला नसता. तुम्ही यायच्या आधी मी रस्त्यात आडवा उभा राहून गाड्या थांबवायचो, बाई. थांबत नव्हत्या. तुम्ही 'पडला' लिहायला लागलात आणि आपोआप थांबायला लागल्या. ते मोडायचं नव्हतं. तुमच्यासाठी नव्हतं ते."

शेवटचे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारले. मला ते चांगलेच लागले. माझा मान राखण्यासाठी एका माणसाने नुकसान सोसले, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती.

"आणि आज?"

"आज सवयीने."

मी कपाटातून एक फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. "रुग्णवाहिकेसाठी मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. 'सदर घाटातील अपघातांची संख्या अपुरी आहे.' ही संख्या कोणी दिली, हवालदार? मी दिली. सतरा वर्षं मी ह्या घाटातले अपघात माझ्या हाताने पुसत आले. आणि वर उत्तर पाठवणाऱ्याला मूर्ख म्हणत आले."

मी कोरे कागद आणि रजिस्टरे मागवली.

दुपारी एक वाजता वैद्यकीय अधिकारी आत आले. डॉक्टर कुर्तडीकर, बत्तीस वर्षांचे, सज्जन. माझ्यापुढचा मजकूर वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हे काय करताय? तुमच्या नोकरीची सात वर्षं राहिलीत. 'दप्तर तपासता नोंदींत काही त्रुटी आढळल्या', एवढंच लिहू या ना."

"त्रुटी आपोआप होत नाहीत, डॉक्टर. करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं."

"पण नोंदी सिस्टरांनी केल्यात. तुमचं अक्षर कुठेच नाही."

"माझ्या हुकमाशिवाय इथे उशीचा अभ्रा बदलत नाहीत. नोंदी बदलतील?"

"चौकशी लागेल."

"लागावी. सही करून पुढे पाठवा. तुम्ही येण्यापूर्वीचा हुकूम आहे, तेही मी लिहिलं आहे."

त्यांनी सही केली. हवालदार वहीतून तारीख आणि वळण वाचत, मी रजिस्टरातले नाव शोधून यादीत उतरवीत असे. एकशे त्र्याऐंशी नावे. वऱ्हाडातली नऊ आली तेव्हा हवालदार हळूच म्हणाले, "एकमेकांना धरून," आणि मला हसू आवरले नाही. त्या कार्यालयात मी हसल्याचे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले असावे.

यादी पुरी झाल्यावर मी एक वेगळा कागद घेतला आणि त्यावर त्या शिक्षकाचे नाव लिहिले.

"हे तीन वर्षांत बसत नाही," हवालदार म्हणाले. "ताई घेणार नाहीत."

"त्यांच्यासाठी नाहीच. हा पोलीस अधीक्षकांना जाईल. एक प्रत त्या शिक्षकाच्या भावाला."

"तो विषय संपला, बाई."

"तुमच्या बाजूने संपला असेल. माझ्या बाजूने अजून सुरूही झाला नव्हता."

साडेतीनला मृदुला परतली. निवेदन तिने दोनदा वाचले. पेन्सिलीने लिहिलेला शेरा खोडून टाकला आणि उभ्याउभ्याच बेरीज केली. खाटांचे दिवस, एक्स-रेच्या फिल्म, प्लास्टर, जीपचे डिझेल, क्रेनसाठी उभे राहिलेले तास, मयताजवळ बसलेले तास. घाटाचा खर्च जवळजवळ सातपट झाला.

मग तिने असा प्रश्न विचारला, जो मी अपेक्षिला नव्हता. "उद्यापासून काय लिहाल? खरं लिहिलंत तर लोक पुन्हा आणायचे थांबतील."

"खरं कारण लिहीन, वर्दीही पाठवीन. आणणाऱ्याचं नाव मात्र विचारणार नाही." एवढे म्हणून मी थांबले. "दोन्ही एका वेळी करता येतं, हे मला सतरा वर्षं सुचलं नाही."

"मीही विचारणार नाही," हवालदार म्हणाले. "तासाला तेरा रुपयांत एवढंच परवडतं."

मृदुला चारची एस.टी. पकडून गेली. तिच्या अहवालात आमचा घाट बारांपैकी दुसरा आला. रुग्णवाहिका यायला पुढे दीड वर्ष लागले, पण ती आली.

चौकशी त्याआधी आली. आठ महिने चालली. मी काहीही नाकारले नाही, त्यामुळे चौकशी करणाऱ्यांचीच पंचाईत झाली. डिसेंबरात आदेश हाती पडला: दोन वार्षिक वेतनवाढी कायमस्वरूपी रोखण्यात येत आहेत. त्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांनी जुनी शिक्षा रद्द केली आणि दाजीबा पिसाळ सहायक फौजदार झाले. निवृत्तीला एकोणीस दिवस बाकी असताना ते खांद्यावर नवा तारा लावून माझ्या कार्यालयात उभे राहिले.

"तुमचं किती गेलं?" त्यांनी विचारले.

"दोन वेतनवाढी. कायमच्या."

"म्हणजे माझ्याइतकंच."

"माझा पगार जास्त आहे. थोडं अधिकच." त्यात मी समाधान मानले होते, हे कबूल करते. "फिटलं, फौजदार."

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्याकडचं फिटलं. घरचं राहिलंय."

"घरचं कसलं?"

"तेव्हा चौकशीत सांगितलं होतं, वर्दी आली आणि मी झोपलो होतो. घरीही तेच सांगितलं. दोन ठिकाणी दोन सांगितलं की माणूस गोंधळतो. तेव्हापासून द्वारका मला झोपाळू म्हणते."

"आता बढती आली. आता तरी खरं सांगितलंत ना?"

"सांगितलं. ती म्हणते, जाता जाता साहेबांनी दया केली असेल, त्याला कशाला गोष्टी रचता?"

रविवारी प्रार्थना आटोपून मी थेट त्यांच्या घरी गेले. कोणाच्या दारी काही सांगायला जाण्याची मला सवय नव्हती, म्हणून रस्ताभर वाक्ये जुळवीत होते. द्वारकाबाई अंगणात मिरच्यांची देठे खुडत बसल्या होत्या. मला पाहून लगबगीने उठल्या.

"अगबाई, मेट्रनबाई! आत या की."

"आधी इथेच सांगते." आणि मी सांगितले. जुळवलेली वाक्ये त्या वेळी आठवली नाहीत. वर्दी आलीच नव्हती. ती मी अडवली होती. यजमान झोपले नव्हते. दोष माझा होता आणि तो त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

द्वारकाबाई एक पाऊल पुढे आल्या. "म्हणजे हे झोपले नव्हते?"

"नव्हते."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

त्या दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही गप्प बसा," त्या म्हणाल्या, जरी ते काहीच बोलले नव्हते. मग पुन्हा माझ्याकडे. "भावाच्या लग्नात सगळ्यांसमोर जाऊ मला म्हणाली, या, झोपाळू हवालदारीणबाई. माझ्या मंगलला चांगलं स्थळ आलं होतं, ते पगार ऐकून परत गेलं. मी ह्यांना जेवताना बोलले, सणावाराला बोलले, आजारात बोलले. ती सगळी बोलणी आता कोणाच्या पदरात घालू?"

"माझ्या," मी म्हटले. "एकही ठेवू नका. मी त्यासाठीच आले आहे."

"बसून ऐकता की उभ्याने?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"उभ्याने."

आणि त्या बोलल्या. माझ्या सासूबाई कडक होत्या, पण असे त्याही मला कधी बोलल्या नाहीत. माझी इस्त्रीची साडी, माझी ताठ मान, माझ्या दाराबाहेर लोकांनी काढलेल्या चपला, काही म्हणून त्यांनी सोडले नाही. दिवाळीमागून दिवाळी त्यांनी मोजून दाखवली. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन थांबल्या. दाजीबा दोनदा म्हणाले, "अगं, पुरे आता." दुसऱ्या वेळी मीच त्यांना म्हटले, "फौजदार, मध्ये पडू नका. हे आम्हां दोघींतलं आहे."

ऊन डोक्यावर आले तेव्हा त्यांचा आवाज बसला. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि ओसरीवरचा पाट पुढे सरकवला.

"पाय भरून आले असतील. बसा."

"आधी सांगा, काही राहिलं आहे?"

द्वारकाबाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "झालं सगळं."

मग मी बसले.